वरनं रवा, खालनं फरशी! जमीन कडक झालीय, सबसॉयलर मारू की जिप्सम टाकू?

कृष्णाकाठचा_गडी (१९ एप्रिल, रात्री ९:४०)

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, काय चुकलं तर सांभाळून घ्या.

रान ३ एकर, काळं भारी, वरचं दीड आणि खालचं दीड, मधे बांध. वडिलांच्या टायमाला बैलाची मशागत होती तेव्हा एकरी ५५-६० टन ऊस निघायचा. गेली १२ वर्षं ट्रॅक्टर आणि रोटर (फिरत्या पात्यांचं यंत्र), वर्षाला तीन तीन वेळा. रान दिसायला एकदम भारी, वरनं हात फिरवला तर रवा. पण ऊस ४० टनावर आलाय आणि पाणी दिलं की जिरतच नाही, सरीत दोन दोन दिवस डबकं दिसतं आणि चौथ्या दिवशी पानं माना टाकतात. आत्ता मार्चला खोडवा (तोडलेल्या उसाला परत फुटून आलेलं पीक) तुटला तर परवा लोखंडी गज घेऊन गेलो, पाच-सहा इंच लोण्यात घातल्यासारखा गेला आणि मग टण!! वर उभा राहिलो गजावर तरी जाईना.

भावकीतला एक म्हणतो सबसॉयलर, म्हणजे ट्रॅक्टरचा खोल जाणारा फाळ, मार. दुकानदार म्हणतो एकूण २० पोती जिप्सम टाक आणि जमीन भुसभुशीत करणारं एक लिक्विड आहे ते ठिबकमधनं सोड, लिटरचा भाव ऐकून मीच भुसभुशीत झालो. खरं सांगायचं तर सबसॉयलर दोन वर्षांपूर्वी एकदा डिसेंबरात मारलेला, काय फरक नाही. माती परीक्षणाचं कार्ड आहे, पीएच ८.४, सेंद्रिय कर्ब ०.४८, बाकी सगळं ठीकठाक लिहिलंय. काय करू सांगा.

देशी_गोठा (१९ एप्रिल, रात्री १०:१५)

दादा सगळं सोडा आणि शेण-गोमूत्राचं जीवामृत सुरू करा. दर १५ दिवसांनी पाटपाण्यातनं एकरी २०० लिटर. गांडूळ आपोआप वर येतील आणि फरशीबिरशी सगळी फोडून टाकतील. रासायनिक खतानं जमीन मेलीय, दुसरं काय नाही. आमच्याकडं चार वर्षं झाली, रान असं मऊ आहे की पाय रुततो.

सोयाबीनवाली (२० एप्रिल, सकाळी ६:५०)

पाय तर चिखलातबी रुततोय की भाऊ 😄

गडीदादा, आमच्या लातूरकडच्या औशात हीच गत आहे, फक्त ऊस नाही तर सोयाबीन-हरभरा. मला विचाराल तर खरं कारण रोटर नाहीच, कारण आहे वाफसा, म्हणजे मशागतीपुरती बेताची ओल. आधी घरचं औत होतं, रान वाफशावर आलं की नाही ते सासरे पायानं ढेकूळ दाबून सांगायचे, फुटलं तर औत, चिकटलं तर घरी. आता गावात ट्रॅक्टर मोजके आणि पाऊस पडला की सगळ्यांना एकाच दिवशी पाहिजे. तुमचा नंबर लागतो मंगळवारी, तुमचं रान वाफशाला येतं शुक्रवारी. मग मंगळवारीच ओल्यात मारून घ्यायचं, नाही म्हटलं तर परत आठ दिवस तो फिरकत नाही. म्हणजे वाफसा आता रानात नसतोय, ट्रॅक्टरवाल्याच्या डायरीत असतोय.

निवृत्त_मातीवाला (२० एप्रिल, दुपारी १:०५)

गडीसाहेब, माझी उभी नोकरी माती तपासण्यात गेली म्हणून थोडं लांबलचक लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

पहिली गोष्ट, कृपया आत्ता काहीही विकत घेऊ नका. तुम्ही औषध विचारताय पण आजार कोणता ते अजून कुणीच बघितलेलं नाही, मीही नाही आणि तो दुकानदारही नाही.

दुसरी गोष्ट, ते कार्ड. मृदा आरोग्य पत्रिका योजना २०१५ साली आली, त्यात १२ गोष्टी तपासतात. नत्र स्फुरद पालाश, गंधक, जस्त लोह तांबं मंगल बोरॉन, आणि पीएच, ईसी (क्षारांचं प्रमाण), सेंद्रिय कर्ब. यात जमिनीची घडण कुठंच नाही. नमुना आपण खुरप्यानं खणतो, वाळवतो, कुटतो, चाळतो आणि मग पिशवीत भरतो. म्हणजे घडण मोडूनच लॅबला पाठवतो आणि मग कार्डावर घडण शोधतो! आणि मला एक शंका आहे, वरच्या आणि खालच्या रानाचा नमुना तुम्ही एकत्रच दिला असणार. बरोबर का?

आता घडण म्हणजे काय ते थोडक्यात. मातीचे सुटे कण म्हणजे वाळू, पोयटा, चिकण. हे सुटे राहिले तर ते बांधकामाचं सामान झालं, घर नाही. मुळांचा चिकट स्राव, बुरशीचे धागे, गांडुळाची विष्ठा, ह्युमस आणि कॅल्शियम यांच्यामुळं कण एकमेकांना धरून बसतात आणि हरभऱ्याच्या-ज्वारीच्या दाण्याएवढे रवाळ गोळे होतात. गोळ्याच्या आत बारीक छिद्रं, त्यात पाणी टिकतं. दोन गोळ्यांच्या मधे मोठी छिद्रं, त्यातनं जादा पाणी निथळतं आणि हवा खेळते. चांगल्या जमिनीत निम्मा भाग हा असा पोकळाच असतो, अर्धी पोकळी पाण्यानं आणि अर्धी हवेनं भरली की तोच तुमचा वाफसा. रोटर करतो काय, तर हे गोळे कुटून पीठ करतो. पिठावर पहिला पाऊस पडला की ते लिंपल्यासारखं बसतं. आणि पात्याचा तळ दर वेळी त्याच खोलीवर घासतो, वरनं ट्रॅक्टरचं वजन, झाली फरशी.

पण, आणि हा पण मोठा आहे, पाणी न जिरण्याचं कारण प्रत्येक वेळी फरशीच असेल असं नाही. जमीन चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट-चिकट, होत असेल तरी हेच दिसतं. फरशीला लोखंड लागतं आणि चोपणला जिप्सम. उलटं केलं की दोन्ही पैसे पाण्यात.

म्हणून दोन्ही रानात दोन दोन खड्डे घ्या. सव्वा फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट खोल. जेसीबीनं नको, कुदळ-फावड्यानं. एक बाजू फावड्यानं तासलेली असते ती गुळगुळीत दिसते, ती बघू नका, चाकूच्या टोकानं माती हळूहळू उकलत जा आणि ती कुठं कशी तुटते ते बघा. मुळं कुठनं कुठं गेलीत ते बघा. मग बोलू.

टूवुंबाकर (२० एप्रिल, संध्याकाळी ५:३०)

काकांनी सांगितलंय तेच, फक्त एक भर घालतो. मी मूळचा बारामतीकडचा, आता ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला, इथं डार्लिंग डाउन्सला पण आपल्यासारखीच काळी, फुगणारी आणि भेगाळणारी जमीन आहे, कापूस ज्वारी गहू सगळं आपलंच पीक 🙂 इथले शेतकरी एक फुकटातली टेस्ट करतात.

वाळलेलं ढेकूळ घ्या, वाटाण्याएवढं. काचेच्या ग्लासात पाणी घ्या आणि ढेकूळ अलगद सोडा. ढवळायचं नाही, हलवायचं नाही. दहा मिनिटांनी बघा, दोन तासांनी बघा, दुसऱ्या दिवशी बघा.

ढेकूळ जसंच्या तसं राहिलं, घडण उत्तम. ढेकूळ ढासळून ढीग झाला पण पाणी स्वच्छ, म्हणजे सेंद्रिय कर्ब कमी, जमीन पावसात लिंपणार. आणि ढेकळाभोवती दुधासारखं वलय येऊन पाणी गढूळ झालं, म्हणजे सोडियम जास्त, चिकण कण एकमेकांना सोडून तरंगायला लागले. ही चोपणाची खूण.

एक मेख आहे, पाणी बोअरचं घेऊ नका. बोअरच्या पाण्यात क्षार असतात, त्यानं चिकण कण परत एकत्र येतात आणि टेस्ट खोटीच पास होते. पावसाचं पाणी नाहीतर इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर चालेल.

कृष्णाकाठचा_गडी (२० एप्रिल, रात्री ८:२०)

काका, नमुना एकत्रच दिलेला 🙏 दोन्हीकडची चार चार ठिकाणची माती एका घमेल्यात कालवून. ते कार्डवाल्यानंच सांगितलेलं. रविवारी खड्डे घेतो.

खारपाणवाला (२१ एप्रिल, सकाळी ११:१०)

गडीभाऊ, मी तेल्हाऱ्याकडचा. आमचा पूर्णेचा पट्टा, अकोला अमरावती बुलडाणा मिळून खारपाणपट्टाच म्हणतेत त्याले. तिथं माती अशी हाय का पहिल्या पावसात वरून अशी थापून बसते, पाणी खाली जातच नाही, वाहून नाल्यात. खाली विहिरीचं पाणी खारं, देऊन पाहिलं तर दोन वर्षात वावर बसते. म्हणून आमचा माणूस शेततळं करून पावसाचंच पाणी वापरते. ह्या असल्या जमिनीत तुम्ही किती वखर मारा, नांगर मारा, पाऊस आला का परत जैसे थे. कारण रोग मशागतीचा नाहीच ना बाप्पा. आमच्याकडं तर असं पाहिलंय का पुस्तकात चोपण म्हणायले जेवढं सोडियम लागते त्याच्यापेक्षा बरंच कमी असलं तरी ही भारी काळी माती बिघडते. तुम्ही खालच्या रानाले पाणी कोणतं देता?

देशी_गोठा (२१ एप्रिल, दुपारी ३:००)

एवढे खड्डे, ग्लास, टेस्ट... आपले आजोबा हे करत होते का? निसर्ग सगळं करतो. १० किलो शेणात कोट्यवधी जिवाणू असतात, ते सेंद्रिय कर्ब तयार करतात.

निवृत्त_मातीवाला (२१ एप्रिल, दुपारी ४:२५)

गोठासाहेब, तुमच्या गायीवर माझा राग नाही, माझ्याकडंही दोन आहेत. पण हिशोब करू. एक एकर रान, वरची अर्धा फूट माती, तिचं वजन साधारण साडेआठ लाख किलो भरतं. त्यात सेंद्रिय कर्ब नुसता ०.१ टक्का वाढवायचा तर ८५० किलो कर्ब त्या मातीत टिकून राहायला पाहिजे, टाकायचा नव्हे, टिकायचा. आणि टाकलेल्यातला बराचसा जिवाणूच खाऊन हवेत सोडतात, आपल्या उन्हाळ्यात तर फार लवकर. १० किलो शेणातनं तो येणार कुठनं? जिवाणू कर्ब बनवत नाहीत, ते कर्ब खातात. बनवतं हिरवं पान. म्हणून तुमचं रान सुधारलं असेल तर त्याचं श्रेय मी तुमच्या रानात सोडलेल्या काडीकचऱ्याला आणि मुळांना देईन. तुम्ही पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, जाळता का?

देशी_गोठा (२१ एप्रिल, संध्याकाळी ७:४०)

नाही, कधीच नाही. सगळं सरीतच.

निवृत्त_मातीवाला (२१ एप्रिल, संध्याकाळी ७:५५)

मग तेच तर.

सोयाबीनवाली (२१ एप्रिल, रात्री ९:००)

आजोबांचं म्हणाल तर आजोबा ग्लास घेत नव्हते पण रान नांगरून अख्खा उन्हाळा तापू देत होते, ढेकळं तशीच उघडी ठेवून. एक पावसाळी पीक, एक रब्बी, आणि दोन अडीच महिने वावर कोरडंठाक. आमच्या काळ्या रानात इतक्या भेगा पडायच्या की लहानपणी माझी बांगडी आत गेली ती गेलीच. त्या भेगाच जमीन आपोआप फोडतात ना?

टूवुंबाकर (२२ एप्रिल, सकाळी ८:००)

ताई, शंभर टक्के! काळ्या मातीतली चिकण ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, वाळणं-भिजणं असं चार पाच वेळा झालं की फरशीला आपोआप चिरा जातात. तांबड्या नाहीतर वाळूच्या जमिनीत ही सोय नाही, तिथं दाबलेलं दाबलेलंच राहतं. पण बारमाही ऊस आणि त्यात ठिबक म्हटल्यावर गडीदादांचं रान १२ वर्षांत कधी वाळलंच नाही. स्वतःला दुरुस्त करणारी जमीन आहे पण तिला सुट्टीच मिळालेली नाही.

खलाटी (२२ एप्रिल, रात्री १०:३०)

धागा भारी चाललाय, कोकणातनं एक उलटी गोष्ट सांगतो. आम्ही भाताला चिखलणी करतो म्हणजे घडण मुद्दाम मोडतो, गुडघाभर चिखल करून, कारण पाणी खाली जाता कामा नये. वर चिखल आणि खाली नांगराच्या तळानं झालेली फरशी, ती फरशी आम्हाला हवीच असते! मग भात कापल्यावर त्याच शेतात वाल पेरायचा तर जमीन अशी दगड होते की बियाणं वाया. आता नेरळच्या भडसावळे यांची सगुणा पद्धत, एसआरटी, बरेच जण करतात. एकदा गादीवाफे करायचे, मग परत नांगरायचं नाही, चिखलणी नाही, कापलेल्या भाताची मुळं जमिनीतच कुजू द्यायची. मुळं कुजली की त्यांच्या जागी नळ्या राहतात, पाणी आणि हवा त्यातनं जाते. मी २० गुंठ्यावर तीन वर्षं करतोय. पहिल्या वर्षी तणानं रडवलं, तणनाशक मारावं लागतं हे लोक सांगताना गाळतात. पण आता वाफ्यात हात घातला तर गांडूळ लागतंय, शेजारच्या चिखलणीच्या शेतात नाही.

कृष्णाकाठचा_गडी (२६ एप्रिल, रात्री ९:१५)

मंडळी खड्डे झाले. फोटो चढत नाहीयेत म्हणून लिहूनच सांगतो.

वरचं रान: पहिले पाच इंच पीठ. मग अंदाजे पाच ते आठ इंचापर्यंत फरशी. काकांनी सांगितल्यासारखं चाकूनं उकललं तर ती आडवीच सुटते, बिस्किटाचा पुडा उघडल्यासारखे पातळ पातळ थर. उसाची जुनी मुळं पाच इंचापर्यंत सरळ आली आहेत आणि तिथं काटकोनात वळून आडवी पळालीत, काही तर चेपून चपटी झालीत, सुतळी ठेचल्यासारखी. आणि गंमत म्हणजे आठ इंचाच्या खाली माती परत चांगली! कंगोऱ्याची ढेकळं, चकाकणाऱ्या बाजू असलेली, ओल पण आहे. म्हणजे खाली ओल बसून राहिलीय आणि मुळं वर तहानेनं मरतायत.

खालचं रान: इथं फरशी अशी नाहीच. वरनं खालपर्यंत एकच गिच्च, वाळलेलं म्हणजे दगड आणि ओलं म्हणजे साबण. वर कुठं कुठं तेलकट काळपट पापुद्रा. खड्ड्यात वास पण कसातरीच, गटारीसारखा.

मग ग्लासाची टेस्ट. ग्लास म्हणजे घरातले चहाचे काचेचे कप, बॅटरीच्या दुकानातनं पाणी आणलं. वरच्या रानाचं ढेकूळ दहा मिनिटात ढासळलं पण पाणी स्वच्छ. खालच्याचं ढेकूळ अर्धं तसंच आणि भोवती दूध! सकाळी उठून बघतो तर अख्खा कप गढूळ. आईनं विचारलं चहाच्या कपात चिखल कशाला कालवलाय, काय उत्तर देऊ. मग नळाचं, म्हणजे बोअरचं, पाणी घेऊन तीच माती टाकली तर पाणी स्वच्छ!! टूवुंबाकर तुम्ही सांगितलं नसतं तर मी फसलो असतो.

आणि खारपाणवाले भाऊ, खालच्या रानाला पाणी बोअरचंच. वरच्याला नदीची लिफ्ट (उपसा) आहे. ११ वर्षं झाली बोअर मारून.

खारपाणवाला (२६ एप्रिल, रात्री ९:४०)

सापडला ना चोर 😀

निवृत्त_मातीवाला (२७ एप्रिल, सकाळी ७:३०)

शाब्बास. एका बांधाच्या अलीकडं एक आजार आणि पलीकडं दुसराच. एकत्र नमुन्यात दोन्ही बुडाले आणि सरासरी ८.४ आली.

आता खालच्या रानाचा नमुना वेगळा पाठवा आणि सांगून ईएसपी (चिकणीवर बसलेल्या सोडियमची टक्केवारी) आणि जिप्समची गरज काढायला लावा, न सांगता ते करत नाहीत. बोअरचं पाणीही द्या, त्यात आरएससी (पाण्यातलं जादा कार्बोनेट-बायकार्बोनेट) बघायचं. ते १.२५ च्या आत असलं तर ठीक, २.५ च्या वर गेलं तर ते पाणी जमिनीतला कॅल्शियम चुना करून बसवतं आणि सोडियमला रान मोकळं करून देतं.

वरच्या रानाला जिप्समचं एक पोतंही नको. जिप्समचं काम एकच, त्यातला कॅल्शियम चिकणीवर बसलेल्या सोडियमला उठवतो आणि ते पाण्याबरोबर निघून जातं. जिथं सोडियम नाही तिथं उठवायचं कुणाला? दाबलेली फरशी जिप्समनं फुटत नाही.

सोयाबीनवाली (२७ एप्रिल, सकाळी ८:१०)

मग दोन वर्षांमागं सबसॉयलर मारला तेव्हा वरच्या रानात तरी फरक पडायला पाहिजे होता की काका?

निवृत्त_मातीवाला (२७ एप्रिल, दुपारी १२:००)

डिसेंबरात मारला ना ताई. लोण्यातनं सुरी फिरवली तर लोणी फुटतं का? ओल्या काळ्या मातीत सबसॉयलर नुसती चीर पाडतो, चिरीच्या दोन्ही बाजू लिंपून गुळगुळीत होतात आणि ट्रॅक्टरचं चाक वरनं जाऊन बाकीचं दाबतं. सबसॉयलर हे हत्यार चिरण्याचं नाही, तडकवण्याचं आहे, आणि तडकायला माती कोरडी लागते. गडीसाहेब, ज्या खोलीवर फाळ जाणार तिथली माती घ्या आणि तळहातावर वळा. देवाजवळच्या वातीसारखी बारीक वळली तर घरी जा. वळताना तुकडे पडले तर मारा.

आणि दुसरं, तुमची फरशी आठ इंचाला संपते. मग दोन फूट खोल जाऊन डिझेल कशाला जाळायचं? फाळाचं टोक फरशीच्या दोन-चार इंच खाली गेलं की झालं. चिझल नांगरानं बारा इंच पुरे. खालची माती चांगली आहे असं तुम्हीच लिहिलंय, तिला हात लावू नका.

टूवुंबाकर (२७ एप्रिल, संध्याकाळी ६:१५)

आणि फोडल्यावर त्यावर परत ट्रॅक्टर फिरवला तर सगळं मुसळ केरात. नुकती फोडलेली जमीन सगळ्यात जास्त दबते, आणि बहुतेक नुकसान चाकाच्या पहिल्या फेरीतच होतं, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत फार थोडं. म्हणून इथं सगळ्या यंत्रांची चाकं ठरलेल्या पट्ट्यावरनंच जातात, वर्षानुवर्षं त्याच. चाकाचा पट्टा रस्ता झाला, झाला, बाकीचं रान कधी दबतच नाही. तुमच्या उसात पाच फुटी सरी ठेवून ट्रॅक्टर सरीतनंच नेला तर हेच जमतं. तोडणीच्या वेळी उसाची ट्रॉली रानात घालू देऊ नका, बांधावर उभी करा.

कृष्णाकाठचा_गडी (२७ एप्रिल, रात्री १०:००)

ट्रॉलीचं सोपं नाही साहेब. तोडणी टोळीला मोळ्या बांधापर्यंत वाहायला सांगितलं तर वरचे पैसे मागतात, आणि आपला नंबर मागं टाकतात. जमेल तेवढं करतो.

कृष्णाकाठचा_गडी (१८ मे, रात्री ८:५०)

रिपोर्ट आले. वरचं: पीएच ८.१, ईएसपी ४. खालचं: पीएच ८.९, ईएसपी १७. ईसी दोन्हीकडं १ च्या आतच. बोअरचं आरएससी ३.१. जिप्समची गरज खालच्या रानाला एकरी साडेतीन टन निघालीय. म्हणजे दुकानदाराची २० पोती म्हणजे एक टन, ती ३ एकरावर पसरली असती तर वरच्याला उपयोग नाही आणि खालच्याला दातात अडकायलापण नाही.

वरचं रान आज वात वळून बघितली, तुकडे पडले. उद्या चिझल.

निवृत्त_मातीवाला (१९ मे, सकाळी ६:४०)

ईसी कमी, पीएच आणि ईएसपी जास्त, म्हणजे खारवट नव्हे, चोपण. एकदम साडेतीन टन नको, यंदा निम्मं टाका. पावसाच्या आधी पसरून वरच्या चार-सहा इंचात कुळवानं मिसळा. पण त्याआधी चर. जिप्सम सोडियमला उठवतो, दाराबाहेर घालवायचं काम पाण्याचं आहे आणि दारच नसेल तर ते परत तिथंच बसणार. ओढ्यापर्यंत निचरा काढा. शिरोळकडं जमिनीत सच्छिद्र पाइप घालून हेच केलंय, तुमचं दीड एकर आहे, उघड्या चरावर भागेल.

कुणीतरी गंधक टाका म्हणेल. तुमच्या मातीवर सौम्य आम्लाचे दोन थेंब टाकून बुडबुडे आले, म्हणजे चुनखडी भरपूर असली, तर गंधकही चालतं, जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि चुन्यातलाच कॅल्शियम सुटतो. एक टन जिप्समचं काम साधारण १९० किलो गंधक करतं, पण वेळ लागतो.

कृष्णाकाठचा_गडी (२ जून, दुपारी २:३०)

चर काढताना शेजाऱ्याशी वाजलं. त्याच्या बांधाच्या कडेनं ओढ्याला जायचं तर म्हणतो तुझं खारं पाणी माझ्या रानात नको. पंचायत होऊन शेवटी त्याच्या हद्दीत माझ्या पैशानं पाइप गाडायचा ठरला. जिप्समपेक्षा पाइप महाग 😐

दोन्ही रानात हिरवळीच्या खताला ताग आणि धैंचा पेरतोय, वर ताग, खाली धैंचा, एकरी २० किलो. ऊस ऑक्टोबरात, पूर्वहंगामी.

सोयाबीनवाली (२ जून, संध्याकाळी ७:००)

४५-५० दिवसात, फुलं यायच्या आधी गाडा. निबर झालं की काड्या कुजता कुजत नाहीत.

कृष्णाकाठचा_गडी (१२ ऑक्टोबर, रात्री ९:०५)

धागा वर काढतोय, हालहवाल सांगायला.

वर: ताग डोक्याएवढा झालेला, जुलैअखेर गाडला, रोटर नाही लावला, पलटी नांगर पण नाही, ताग आडवा करून नुसता कुळवानं मातीत मिसळला. ट्रॅक्टरवाल्याला पटेना, म्हणतो असलं ढेकळाचं रान लोक बघितले तर माझं नाव खराब होईल. परवा त्याच जागेजवळ खड्डा घेतला. फरशीचे तुकडे आहेत अजून, सगळी गेलीय असं नाही, पण तुकड्यांच्या मधनं तागाचं सोटमूळ सरळ एक फुटाच्या खाली गेलेलं, कुजून नुसती साल राहिलीय आणि तिच्यात दोऱ्यासारखी पांढरी बुरशी. गज मात्र अजून काही ठिकाणी अडतो. सप्टेंबरात एका रात्री मोठा पाऊस झाला, सकाळी सरीत पाणी नव्हतं. शेजारच्या रानात बदकं पोहतील एवढं होतं.

खाली: धैंचा ठिकठिकाणी पिवळा, पण आला. चरातनं पाणी गेलेलं डोळ्यानं बघितलं, चहासारखं तांबूस. कपाची टेस्ट परत केली, अजून दूध येतंय, पण आधी दहा मिनिटात यायचं ते आता दोन तासानं. यंदा तिथं ऊस लावत नाही, गहू टाकतो आणि पुढच्या मेमध्ये उरलेलं जिप्सम.

पाचट यापुढं जाळणार नाही, सरीत ठेवून टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो जिवाणू कल्चर असं टाकायचं ठरवलंय.

देशी_गोठा (१२ ऑक्टोबर, रात्री ९:३०)

पाचटावर थोडं जीवामृत पण मारा की दादा, कुजायला बरं.

निवृत्त_मातीवाला (१२ ऑक्टोबर, रात्री ९:३५)

याला माझी हरकत नाही 🙂

खारपाणवाला (१३ ऑक्टोबर, सकाळी १०:२०)

भाऊ सगळं झालं, पण गव्हाले पाणी कोणतं देणार? बोअर तोच असंल तर जिप्सम टाकत राहा जलमभर.

कृष्णाकाठचा_गडी (१३ ऑक्टोबर, रात्री ८:००)

तेच चाललंय भाऊ. लिफ्टचं पाणी बांध ओलांडून खाली न्यायचं, एक पाळी नदीची आणि अगदीच अडलं तर एक बोअरची. अडीच इंची पाइप सात कमी पडतायत, जुन्यातले चार भावकीतल्यानं दिले, राहिलेले तीन आणायला उद्या इस्लामपूरला चाललोय.